पायरीपाशीचा उपकार

१९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीत जमीन विकत घेतली आणि पुढे हे उपनगर कारखान्यांच्या भोंग्यावर जागे होऊ लागले. आता लालबहादूर शास्त्री मार्गालगत अनेक ठिकाणी कारखान्यांची जागा काचेच्या कार्यालयांनी घेतली आहे. यंत्रापाशी आठ तास उभे राहायला धड पाय लागत. संगणकापुढे बसणाऱ्याला ते लागत नाहीत. म्हणजे कारखान्याने ज्याला परत पाठवले असते, त्याला हे नवे विक्रोळी काम देऊ शकते. मात्र त्याची व्हीलचेअर दारापर्यंत पोहोचली पाहिजे.

अडते ते तेथेच. आत लिफ्ट असते; बाहेर पदपथ मध्येच तुटतो, नाहीतर त्याच्या तोंडाशी खांब रोवलेले असतात. मुंबईतील अशा खांबांमधून व्हीलचेअर जात नाही, या एका नागरिकाच्या तक्रारीची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. जून २०२५ मध्ये विक्रोळीचा रेल्वेवरील उड्डाणपूल खुला झाला, मोटारींची सोय झाली. ती व्हायलाच हवी होती. चाके खुर्चीची असली की मात्र आपण उचलायला चार माणसे शोधतो.

उचलून नेले तर बिघडले काय? हा प्रश्न सज्जन माणसे विचारतात, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. कफर्णहूम येथे चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडले. त्यांच्या प्रेमाला कोण नावे ठेवील? पण छपरावर चढावे का लागले? दार गर्दीने अडले होते. ती गर्दी दुष्ट नव्हती. प्रवचन ऐकायला आलेले भाविकच होते ते. आणि बरा झालेला तो माणूस आपली खाट स्वतः उचलून घरी गेला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या विराली मोदी स्वतःच्या विवाहनोंदणीसाठी खारच्या कार्यालयात गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली येईनात. त्यांना जिन्यावरून उचलून न्यावे लागले. उचलणाऱ्यांची माया खरी असेलही. परंतु वधूला तोल जाण्याची भीती वाटत असता तिने कृतज्ञही राहावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. दया घेणाऱ्याला नकार देण्याची सोय नसेल, तर तिला दया तरी कसे म्हणावे?

कायद्याला हे केव्हाच कळले आहे. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम निघाल्यापासून, पाच वर्षांची मुदत दिली. नियम निघाले २०१७ मध्ये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हे नियम नुसत्या शिफारशी नकोत, बंधनकारक हवेत. (दरम्यान सरकारदरबारी ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. पायरीची उंची तेवढीच राहिली.)

गणित अवघड नाही. एक फूट चढाला बारा फूट उतार; सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. फाटकाच्या आतली जमीन मालकाची, बाहेरची महापालिकेची, आणि हे सहा फूट नेमके दोहोंच्या मध्ये येतात. ते कोणी बांधायचे हे ठरेपर्यंत रखवालदार धावत येतो, मनापासून हात देतो, आणि खुर्चीतला माणूस त्याचे आभार मानतो. सकाळी एकदा, संध्याकाळी पुन्हा.