गोळी कशाबरोबर घेता?

परवा आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये एक आजी थायरॉइडच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. फार्मासिस्टनं सहज विचारलं, "आजी, गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर रे बाबा. पाठोपाठ कॅल्शियमची."

हातातलं बिल बाजूला ठेवून त्यानं सांगितलं, ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासानं, कॅल्शियम चार तासांनी. नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. मग आजींकडूनच ते वदवून घेतलं. खरी गोम त्या वदवून घेण्यात आहे.

विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 साली नोंदवलंय. आज मेडिकलमध्ये गेलात, तर निघण्याआधी विचारा, "ही कधी घ्यायची आणि कशाबरोबर नाही?"