घरचं ताट

खानावळीत कोणी घरून ताट नेलं, तर मालक चिडेल काय? भाजी त्याची, हे मला कबूल. पण ताटही त्याचंच हवं का?

हाच तंटा संगणकावरच्या खेळातही होतो. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीनं आपल्या 'रूनस्केप' खेळाची २००७ सालची जुनी प्रत काढून २०१३ साली ती पुन्हा चालू केली. शिळ्या कढीला असा ऊत आला की विचारू नका! खेळाचं जग कंपनीच्या सर्व्हरवर, कुलपात. ते आपल्या पडद्यावर वाढणारं ताट म्हणजे 'क्लायंट'. काही हौशी मंडळींनी 'रूनलाइट' नावाचा निराळा क्लायंट बांधला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. २०१८ साली कंपनीनं 'बंद करा' म्हणून दटावलं. खेळाडू खवळले, आणि थोड्याच दिवसांत तडजोड झाली.

माझं मन आधी ताटवाल्यांकडेच झुकलं. पण कंपनीची भीती अगदीच खोटी नाही हो! असल्या कोडला जरा वाकडं वळण दिलं, की खेळाडू घोरत पडला तरी त्याचा 'बॉट' रात्रभर खाणीत खोदत राहतो. म्हणजे ताटच पंगतीत फिरून सगळ्यांची जिलबी उचलू लागतं! यात मालकापेक्षा जास्त फसतो तो शेजारी, जो स्वतःच्या हातानं तासन्‌तास खोदत बसलाय.

म्हणून माझ्यापुरता निवाडा असा: परवानगी कोणाची, हा प्रश्न दुसरा. शेजाऱ्याच्या पानात हात जातो का, हा पहिला. जात नसेल, तर मालकानं मुकाट्यानं वाढावं. जात असेल, तर ताट चांदीचं असलं तरी घरीच ठेवावं.