उसाचा मार आणि घरातलं हसू

आजच्या वाचनात दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथातला उसाचा प्रसंग आला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पारायणाच्या निमित्ताने हा प्रसंग लहानपणापासून कानावर पडलेला असतो. शेगावच्या मारुती मंदिरात महाराज बसलेले. पाटलांची मुलं उसाची मोळी घेऊन आली. ऊस हवा असेल तर आधी आमचा मार खा, अशी त्यांची अट. महाराज काहीच बोलले नाहीत. मुलांनी उसांनी झोडपायला सुरुवात केली. अंगावर वळ उठेना, आणि महाराज हसतच होते. शेवटी मुलं दमली. तेव्हा महाराज त्यांना काय म्हणाले? पोरांनो, मारून मारून तुमचे हात दुखले असतील, बसा, रस पाजतो. आणि चरकाशिवाय, नुसत्या हातांनी ऊस पिळून त्यांनी सगळ्यांना रस दिला.

आपण बहुतेक वेळा रसाच्या चमत्कारापाशीच थांबतो. आज मात्र मन त्याच्या आधीच्या बोलण्यापाशी थांबलं. ज्याने मार खाल्ला, त्याने मारणाऱ्याच्या हाताची विचारपूस केली!

उसाची अशीच एक गोष्ट देहूची आहे. कीर्तनात आपण ती ऐकलेली असते. तुकोबांना कोणीतरी उसाची मोळी दिली. वाटेत भेटेल त्या पोराला ऊस देत देत ते घरी पोचले, तेव्हा हातात एकच ऊस उरला होता. जिजाईंनी रागाने तोच ऊस त्यांच्या पाठीत हाणला. उसाचे दोन तुकडे झाले. तुकोबा हसले आणि म्हणाले, बरं झालं, वाटणी तूच केलीस, एक तुला आणि एक मला.

इथे घाई करून जिजाईंना तापट ठरवू नका. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने हे घर होरपळलेलं होतं. तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली, असं चरित्रात सांगतात. घरात पोरंबाळं, चुलीची चिंता एकट्या बाईला. तिचा राग खरा होता. तुकोबा त्या रागाला हसले नाहीत. ते स्वतःच्या पाठीवर बसलेल्या फटक्याला हसले आणि अर्धा ऊस तिच्यापुढे धरला.

मला वाटतं, विनोद आणि टोमणा यांतला फरक इथेच आहे. विनोद करणारा स्वतः छोटा होतो. टोमणा मारणारा समोरच्याला छोटं करतो. दोन्हीकडे लोक हसतात, म्हणून आपण फसतो.

समजा, तुम्ही ऑफिसमधून उशिरा घरी आलात आणि आल्या आल्या मोबाईल घेऊन सोफ्यावर बसलात. आई म्हणते, "आले का पाहुणे? जेवायचं आहे, की नुसतं चार्जिंग?" यावर तुम्ही म्हणू शकता, "झाली आईची सिरीयल सुरू!" सगळे हसतील, पण आई गुपचूप स्वयंपाकघरात निघून जाईल. किंवा म्हणू शकता, "पाहुणा गरीब आहे माउली, जेवणाचं बिल भांडी घासून फेडेल." आईला हसू येईल. पण मग उठून भांडी घासायची हं! नाहीतर पुढच्या वेळी त्या विनोदाला काही किंमत राहणार नाही.

आम्ही आयटीवाले सर्व्हर बंद पडला की आधी तो चालू करतो, आणि मग मूळ कारण शोधतो. घरातलं हसू म्हणजे ते 'आधी चालू करणं' आहे. त्याने बोलणं पुन्हा सुरू होतं, पण मूळ कारण तसंच राहतं. कोण दमलंय, कोणाचं काम कोणी बघितलंच नाही, हे नंतर शांतपणे बसून विचारावंच लागतं. तुकोबांच्या हसण्याने चूल पेटत नाही. हसून झालं की पीठ आणायला जायचंच असतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे सगळं गीझर, टॉवेल, रिमोट, चहातली साखर असल्या छोट्या कुरबुरींसाठी आहे. घरात कोणी खरंच हात उचलत असेल, कोणी भीतीखाली जगत असेल, तर संतांच्या गोष्टी सांगून ते हसण्यावारी नेऊ नका. तिथे त्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं हीच भक्ती.

आपल्याकडे वऱ्हाडात रागावलेल्या माणसाला विचारतात, "काऊन बाप्पा, काय झालं?" या शब्दांत थोडी गंमत आहे आणि पुष्कळ माया आहे. आजचा अभ्यास एवढाच: घरात आवाज चढला, तर उत्तर देण्याआधी समोरच्याचा हात किती दुखलाय ते बघायचं. मग हसायचं, आणि ते स्वतःवर.

जय गजानन!