गिऱ्हाईक उठून गेलं

भिंगारच्या सदर बाजारातलं एक जुनं कापड दुकान यंदा बंद झालं. तीन पिढ्यांचं होतं. नाव लिहीत नाही. कुटुंबाला ते रुचणार नाही आणि दुसरं म्हणजे, या मजकुरात नाव बदललं तरी राज्यातल्या निम्म्या तालुक्यांचं काम भागेल. दुकान गेल्याचं वाईट वाटलं हे खरं, पण लिहायला बसलो तो वाईट वाटल्यामुळे नव्हे. राग आला म्हणून. दुकानाच्या निमित्ताने व्यापाऱ्यांची एक सभा झाली. तिथे आमच्या एका विद्वान परिचितांनी ठणकावून सांगितलं की हा खून आहे आणि खुनी प्रत्येकाच्या खिशात बसला आहे. एवढं म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातला मोबाइल वर काढून दाखवला. टाळ्या झाल्या. 'स्थानिक खरेदी करा' असा ठराव झाला, फलक छापायचं ठरलं. सभा आटोपल्यावर वक्त्यांनी त्याच मोबाइलवरून गाडी बोलावली आणि ते पुण्याला गेले.

खुनी इतक्या झटपट सापडला की पंचनामा नीट झाला का, अशी शंका येते.

नगर जिल्ह्यात धनंजयराव गाडगीळांचं नाव निघतं ते प्रवरेच्या साखर कारखान्यापुरतं. विठ्ठलराव विख्यांच्या शेजारी त्यांचा फोटो लावतात, हार घालतात, झालं. त्यांनी लिहिलेलं कोणी वाचत असेल असं वाटत नाही. १९२४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचं हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं पुस्तक निघालं. त्या काळी देशी कारागिरीच्या ऱ्हासाचं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: मँचेस्टर. विलायती गिरणीचं स्वस्त कापड आलं, विणकर मेला. दादाभाईंपासून सगळ्यांनी हे सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हा तरुण मात्र म्हणाला, जरा थांबा, क्रम तपासा. गिरणीचा माल गावोगाव पोचण्याआधीच पुष्कळ ठिकाणी कारागीर खचलेला होता, कारण त्याचं गिऱ्हाईक उठून गेलं होतं. देशी दरबार बुडाले. दरबाराबरोबर सरदार गेले, मानकरी गेले, पागोटी आणि शालजोड्या देण्याघेण्याचे प्रसंग गेले. त्यांच्या जागी इंग्रजी शिकलेला जो नवा वर्ग आला, त्याला साहेबाची चाल प्यारी होती. यंत्राच्या स्पर्धेला गाडगीळांनी वगळलं नाही. फक्त रांगेत मागे उभं केलं.

ही मांडणी मला आवडते ती तिच्यात रडगाणं नाही म्हणून. स्पर्धकाला शिव्या घालणं सोपं असतं, कारण स्पर्धक परका असतो. गिऱ्हाईक का उठलं हे विचारायचं तर आपल्याच घरात डोकावावं लागतं.

आणि गाडगीळांचा हा सिद्धांत पडताळून पाहायला भिंगारसारखं गाव शोधून सापडायचं नाही. हे गाव नगरपेक्षा जुनं. १४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेला भिंगारजवळ धूळ चारली आणि त्या विजयानंतर शेजारी आपलं शहर वसवलं. तेव्हापासून या पंचक्रोशीचा बाजार कोणाच्या ना कोणाच्या छावणीवर जगत आला आहे. निजामशाही १६३६ मध्ये संपली. १७०६ च्या सुरुवातीला औरंगजेब आपली चालती-फिरती राजधानी घेऊन नगरला परतला आणि मार्च १७०७ मध्ये इथेच मेला. भिंगारलगतचं आलमगीर हे ठिकाण त्याच गोष्टीची आठवण सांगतं. त्याच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितलं जातं त्यात, स्वतः शिवलेल्या टोप्यांच्या विक्रीतून आलेल्या चार रुपये दोन आण्यांत कफनाचा खर्च भागवावा, अशी सूचना आहे. मृत्युपत्र अस्सल की नक्कल हा वाद इतिहासकारांनी करावा. मला एवढंच दिसतं की इथल्या कपडाविक्रेत्यांत हा एकमेव असावा, ज्याने धंदा गुंडाळताना हिशेब चुकता केला. बादशहा गेला, लष्कर उठलं, आणि त्या लष्कराच्या मागे धावणारा बाजारही उठला. तिथे कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता.

ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे इंग्रजांची छावणी बसली, सदर बाजार वाढला. नगरचे विणकर लुगडी आणि पागोटी विणत होते. १८८४ च्या गॅझेटिअरात या धंद्याचं वर्णन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल नावाच्या अभियंत्याने विणकराची दया येऊन नगरमध्ये सुधारित हातमाग तयार केला. माग चांगला होता, हात झपाझप चाले. पण डोक्यावरचं पागोटं उतरून टोपी आली आणि पुढे टोपीही उतरली, त्यावर माग काय करणार? पागोटं दुप्पट वेगाने विणता आलं म्हणून कोणी दोन बांधत नाही. आमच्या वक्त्यांनी दुकानदारांना 'तुम्हीही ऑनलाइन व्हा' असा जो उपाय सुचवला, तो या चर्चिलच्या मागाचाच भाऊ. (होय, खुन्याच्याच घरी नोकरी धरा असं ते म्हणाले. त्यालाही टाळ्या होत्या.)

आता आपल्या दुकानाचा दरबार कोणता ते पाहू. तो म्हणजे बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी ट्रॅक्टर किंवा टेम्पो करून कापड दुकानात यायची आणि पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसायची. आधी चहा, मग नवरीचा शालू, मग मानपानाच्या साड्या: करवल्यांच्या वेगळ्या, आत्याबाईंची जरा बरी, आणि जिच्याशी भांडण चालू आहे तिची मुद्दाम उंची. मग नवरदेवाचा सफारी, मग आहेराच्या टॉवेल-टोप्यांचा ढीग. गादीवरचा माणूस ताका असा फेकायचा की पदर बरोबर नवरीच्या आईच्या मांडीपाशी उलगडावा. भावावरून एकदा तरी कोणीतरी चपला घालून पायरीपर्यंत जाऊन यायचं. त्याशिवाय बस्ता झाल्यासारखा वाटत नसे. कापायची वेळ आली की कात्रीने काठाला नुसती चीर द्यायची आणि दोन हातांनी कापड फाडायचं. धागा सरळ असेल तर फाटही सरळ जाते. वाकडी गेली तर माल हलका. ग्राहक त्या आवाजाकडे कान देऊन असायचा.

हा दरबार कोणी मोडला? मानपान बंद करा, आहेर आणू नका, असं पत्रिकेत छापणाऱ्यांनी मोडला, आणि चांगलं केलं. कर्ज काढून आत्याबाईंना साडी नेसवण्यात कसली आली संस्कृती? मोडला तो मोजून शर्टाचं कापड घेऊन शिंप्याकडे जाणं सोडून तयार कपडे घालणाऱ्या आपण सगळ्यांनी. शिंपी आधी गेला, त्याची बातमी झाली नाही, त्याच्यासाठी सभाही भरली नाही; तो गेला त्या दिवशीच कापड दुकान अर्धं मेलं होतं. दुकानाचे मालकसुद्धा गेली कित्येक वर्षं तयार शर्टच वापरत, आणि तो त्यांच्या दुकानातला नसे. २०२० चा मार्च आला आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली. पंचवीस-पन्नास माणसांत लग्न होतं हे लोकांना कळलं, आणि एकदा कळलेलं पुन्हा विसरता येत नाही.

छावणीचंही तेच. छावणी बाजारांतून गणवेशाचं कापड उघड विकलं जायचं, शिवून मिळायचं. जानेवारी २०२२ मध्ये लष्कराने नवा लढाऊ गणवेश आणला, त्याच्या नक्षीवर हक्क नोंदवला आणि खुल्या बाजारात तो विकायला मनाई केली. सुरक्षेच्या दृष्टीने रास्तच. पण देशभरच्या सदर बाजारांत गल्ल्यावर बसलेल्यांना त्या दिवशी गाडगीळ न वाचताही समजले असतील.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख आटोपशीर झाला असता आणि आमचे वक्ते चीत. पण गाडगीळांच्या हिशेबात एक रकाना रिकामा राहतो. गिऱ्हाईक उठल्याने दुकान झिजतं, वर्षानुवर्षं झिजतं; तरी ते उघडं असतं. दुकान अमुक एका महिन्यात का बंद होतं, हे मागणीच्या सिद्धांतातून कळत नाही. ते उधारीत पाहावं लागतं.

उधारीबद्दल हळवं होण्यात अर्थ नाही. नगर जिल्ह्याने तरी होऊ नये. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा पेटला आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असा आपल्याकडे पसरला. जमावाला माणसं मारायची नव्हती; त्यांना रोखे आणि खतं हवी होती, जाळायला. ज्यांची दप्तरं जळली ते सावकार बरेचदा दुकानदारच होते: वाणसामानही त्यांचंच, कापडही त्यांचंच. आज ज्या वहीला आपण माणुसकीची वही म्हणतो, तिची पणजी ती. शिवाय त्या वहीत नाव कोणाचं लागे आणि पायरीखाली कोणाला उभं ठेवलं जाई, हेही 'बलुतं' वाचलेल्या जिल्ह्याला सांगायची गरज नसावी.

तरीही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला दिवाळीत पोराच्या चड्डीचं कापड मिळालं असेल तर ते वहीवरच. वहीला दुष्काळ कळत होता. हप्ता तटला की आज मोबाइलवर जो फोन येतो, त्या आवाजाला पाऊस माहीत नसतो. हा फरक मी झटकून टाकू शकत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाला सांभाळून घेई तो दयाळू होता म्हणून नव्हे. त्यालाही कोणीतरी सांभाळून घेत होतं म्हणून. मुळजी जेठा मार्केटचा आडत्या साठ-नव्वद दिवस थांबे, इचलकरंजीचा थांबे, सुरतेचा थांबे. आणि त्या सगळ्यांच्या मागे गावची बँक असे.

नगर अर्बन बँक १९१० ची. जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांच्या तीन-चार पिढ्यांनी तिच्यात पैसा ठेवला. ४ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. कर्जव्यवहारांवर गुन्हे दाखल झाले होते, ठेवीदार रस्त्यावर आले होते. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच असतं, वरच्यांनी वाट पाहायची. ही बँक अॅमेझॉनने बुडवली नाही. मॉलने बुडवली नाही. ती शंभर टक्के स्थानिक होती: ठेवी स्थानिक, संचालक स्थानिक, वसुलीच्या बोंबा स्थानिक. 'स्थानिक' या शब्दावर ठराव करणाऱ्या सभेत या बँकेचा उल्लेख एकदाही झाला नाही. का, ते श्रोत्यांच्या पहिल्या रांगा पाहिल्या असत्या तर समजलं असतं.

म्हणून गाडगीळांना मी एवढंच जोडीन की गिऱ्हाईक गेल्याने दुकान म्हातारं होतं, पण मरतं ते पत गेल्याने. आणि पत बाहेरचा माणूस क्वचितच बुडवतो.

'आपल्या'कडून घ्या, हे आवाहन दुसऱ्या सुरातही ऐकू येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नगरचे आमदार संग्राम जगताप यांनी सोलापुरात दिवाळीची खरेदी फक्त हिंदू दुकानदारांकडून करा असं सांगितलं. त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाने नोटीस काढण्याची भाषा केली. नीतीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवतो. धंद्याच्या अंगानेही हे अडाणीपणाचं आहे. बस्त्यातला बनारसी शालू बहुधा मोमीन विणकराच्या हातून आलेला असतो, मालेगावचा यंत्रमागही बहुतांशी त्यांचाच. गल्ल्यावरच्या माणसाचा धर्म विचारून घेतलेल्या कापडाचा ताणा कुठला आणि बाणा कुठला, हे कोण सांगणार? आमच्या वक्त्यांना ही तुलना झोंबेल. ते पुरोगामी आहेत. पण गिऱ्हाइकाने मालाकडे न बघता दुकानदाराच्या ओळखीकडे बघावं, ही अपेक्षा दोघांची सारखीच आहे. ओळख कुठली एवढाच तंटा.

गाडगीळ असते तर त्यांनी ठराव केला नसता. त्यांच्या गोखले संस्थेने पुण्यात, सोलापुरात घरोघर माणसं पाठवून पाहण्या केल्या: कोण काय कमावतं, कोणाचं देणं किती, माल कुठून येतो. भिंगारच्या सदर बाजाराची अशी पाहणी अजूनही करता येईल. बंद झालेल्या दुकानांच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, रद्दीवाल्याने नेल्या नसतील तोवर. बस्त्याची सरासरी रक्कम कोणत्या साली घसरली? उधारी थकवणारे कोण होते, शेतकरी, नोकरदार की पुढारी? जीएसटी २०१७ मध्ये कापडावर आला तेव्हा हिशेब लिहायला माणूस ठेवणं कोणाला परवडलं? मुलगा गल्ल्यावर का बसला नाही: नफा नव्हता म्हणून, की कापड दुकानात बसणाऱ्याला मुलगी मिळत नव्हती म्हणून? हे शेवटचं कारण मी एकापेक्षा जास्त घरांत ऐकलं आहे आणि कुठल्याच भाषणात ऐकलेलं नाही. नगरच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्राची मुलं दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधत हिंडतात. चौघांना दोन महिने चहा-भजी आणि बसभाडं द्यावं लागेल. व्यापाऱ्यांच्या संघटनेला फलकांच्या छपाईपेक्षा ते स्वस्त पडेल. अडचण इतकीच की निष्कर्ष काय येतील याची खात्री देता येत नाही, आणि नगर अर्बनच्या रकान्यात मुलं कोणाकोणाची नावं लिहून आणतील याचीही नाही.