एका पिशवीसाठी

देऊळघाटचा रुग्ण बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचला. तपासणीत रक्तगट ‘ओ’ दिसतो, तरी ‘ओ’ची एकही पिशवी जुळत नाही. एका दुर्मिळ रक्तगटात असं होऊ शकतं.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट ओळखला, म्हणून तो ‘बॉम्बे’ रक्तगट. यात तांबड्या पेशींवर एच प्रतिजनच नसतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, आणि पिशवी फ्रिजमध्ये फार तर ४२ दिवस टिकते. मग रात्रभर फोन फिरतात, परक्या जिल्ह्यातला दाता मिळेल ती गाडी धरतो. मला ही धावपळ फार मोलाची वाटते.

पण शोध घरापासून सुरू करा. सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारात एक असते. आधी त्यांचं रक्त तपासून घ्या.