झुकलेली मान

बत्तीस वर्षं मी इस्लापूरच्या शनिवारच्या भजनात पेटीच्या काळी एक पट्टीत गायलो. पावसाळ्यात सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते, त्या आवाजातही माझा अभंग ऐकू जातो असं गावकरी म्हणायचे, आणि मला ते फार गोड लागायचं. मग थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि डावी स्वरतंत्री हलेनाशी झाली. तिला चालवणारी नस मानेतून छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घेऊन पुन्हा वर चढते आणि वाटेत थायरॉईडला खेटून जाते. माझी गाठ नेमकी तिथंच होती. आवाज नुसता फुसफुसायला लागला.

पण जास्त छळलं ते पाण्यानं. घोट घेतला की ठसका, डोळ्यांत पाणी. तेव्हा घसा काय काम करतो ते समजलं. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, घाटी वर उचलली जाते, श्वासाच्या वाटेवरचं झाकण लवतं आणि दोन्ही स्वरतंत्री मिटतात. अन्न आणि प्राण एकाच चौकातून जातात, म्हणून हा पहारा. काळी एकचा षड्ज लावताना सेकंदाला सुमारे १४० वेळा थरथरतात त्या याच तंत्री. म्हणजे गाणं हे त्यांचं दुसरं काम. पहिलं काम जीव राखण्याचं.

तरी प्रश्न उरलाच. आवाज गेला, तर नामही गेलं का?

आपल्याकडे वाणी चार मानल्या आहेत. परा नाभीत, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात, वैखरी मुखात. मी जन्मभर कंठ म्हणजे वैखरीच समजलो. कंठात वसते ती मध्यमा: आकाराला आलेला, पण बाहेर न पडलेला शब्द. मनातल्या मनात वाचतानाही स्वरयंत्राचे स्नायू बारीक हालचाल करतात, हे उपकरणांनी टिपलेलं आहे. नाम तिथं चालूच असतं. माझं गेलं ते ऐकवण्याचं सुख.

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, तांब्या वर धरून पिऊ नका. हनुवटी छातीकडे घ्या, मग गिळा."

आता मान झुकवल्याशिवाय पाण्याचा घोट उतरत नाही. शनिवारी टाळ घेऊन मागच्या ओळीत बसतो. नाम कंठात असतं, आणि तेवढं पुरतं.