अविभाज्य वस्तूची पाळी

घरात सेट-टॉप बॉक्स एकच आणि पडदे दोन-तीन, ही मांडणी अनेक घरांत दिसते. बॉक्स दिवाणखान्यात असतो, चित्र केबलने आतल्या खोल्यांत नेलेले असते आणि वाहिनी आतूनच बदलता यावी म्हणून रिमोटचीही सोय केलेली असते. या सोयीतून एक जुना धर्मप्रश्न नव्याने उभा राहतो : जिचा उपभोग एकाच वेळी अनेकांना घेता येतो, पण जिच्यावर आज्ञा मात्र एका वेळी एकाचीच चालते, अशी वस्तू सामाईक कशी ठेवावी?

साध्या रिमोटमधून निघणारा अवरक्त प्रकाश भिंत ओलांडत नाही. म्हणून आतल्या खोलीत संकेत पकडणारा एक डोळा बसवतात. त्याने पकडलेला संकेत तारेने किंवा रेडिओलहरींनी बाहेर जातो आणि बॉक्ससमोर चिकटवलेला छोटा एलईडी तो पुन्हा प्रकाशरूपात सोडतो. चित्राचे काम एचडीएमआय स्प्लिटर करतो. एकाच चित्राच्या प्रती काढून तो निरनिराळ्या पडद्यांना देतो. म्हणजे वाटले जाते ते चित्र. निवड वाटली जात नाही. आतून कोणी बातम्या लावल्या की बाहेरची मालिका गेलीच. शेवटचा संकेत कोणता, एवढेच बॉक्सला कळते. याला यंत्राचा दोष म्हणता येत नाही. दोन इच्छांमध्ये निवाडा करण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

धर्मशास्त्राने अशा वस्तूंचा विचार वाटणीच्या प्रकरणात केला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वाटू नयेत अशा गोष्टींची यादी येते : वस्त्र, वाहन, दागिने, शिजवलेले अन्न, पाणी, जाण्यायेण्याची वाट वगैरे. तिच्यात दासींचाही समावेश आहे. माणसाला वस्तूंत मोजणारा तो भाग त्याज्यच आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) याच्या काळात कल्याणीला विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. अंगावरची वस्त्रे ज्याची त्याच्याकडे राहतात, असे ती सांगते. विहिरीचा निर्णय मात्र वेगळा आहे. विहिरीचे तुकडे होत नाहीत, आणि तिची किंमत ठरवून ती पैशात वाटायलाही विज्ञानेश्वराची संमती नाही. वारसांनी तिचे पाणी पाळीने वापरावे, असे तो सांगतो. भाऊबंदांमधली विहिरीच्या पाण्याची पाळी आणि देवस्थानांतली पुजारी घराण्यांची पूजेची पाळी याच तत्त्वावर चालत आल्या आहेत.

स्मृतिकार बृहस्पतीला मात्र ‘अविभाज्य’ हा शिक्काच फारसा मान्य नव्हता. धनवानाची सारी संपत्ती वस्त्रांत आणि दागिन्यांत असू शकते. ती नुसती एकत्र पडून राहिली तर कोणाच्याच कामी येणार नाही, असा त्याचा आक्षेप आहे. म्हणून तो प्रत्येक वस्तूसाठी निराळी युक्ती सुचवतो : दागिने विकून पैसे वाटावेत, शिजलेल्या अन्नाच्या बदल्यात कच्चे धान्य द्यावे, विहिरीचे पाणी उपसून ज्याच्या त्याच्या हिशेबाने घ्यावे. घरातल्या उपकरणांना ही दृष्टी फार उपयोगी आहे. मोबाइल आणि कानात घालायचे हेडफोन हे अंगावरच्या वस्त्रासारखे ज्याचे त्याचे मानावेत, त्यांच्यावर सामाईक हक्क सांगू नये. बॉक्स मात्र विहिरीच्या वर्गात पडतो.

इथे एक रास्त शंका येते. पाळीचा नियम वेगळे झालेल्या वारसांसाठी आहे. एकत्र नांदणाऱ्या कुटुंबात कोणाचा वाटाच ठरलेला नसतो, तिथे कर्ता सांगेल ते चालते. पण कर्त्याचा अधिकार व्यवस्थेचा आहे, वस्तू त्याच्या एकट्याच्या मालकीची होत नाही. शिवाय एकत्र घरातला क्रम याज्ञवल्क्याने आचाराध्यायात जेवणाच्या संदर्भात स्पष्ट सांगितला आहे. मुले, माहेरी आलेली लेक, वृद्ध, गर्भवती, आजारी, पाहुणे आणि नोकर यांना आधी वाढावे. घरधनी आणि घरधनिणीने उरलेले खावे. व्यवस्था पाहणाऱ्याने शेवटी घ्यावे, ही अपेक्षा जेवणापुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी आतल्या खोलीत पडदा लावला असेल, तर त्या खोलीची पाळी पहिली.

पाळी मोडणे किती गंभीर? जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात, न दिलेले घेणे म्हणजे चोरी, अशी व्याख्या आहे आणि टीकाकार तिला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, अट जोडतात. पूर्वी रिमोट दाबणारा पडद्यासमोरच असे. इतरांचे चेहरे त्याला दिसत आणि रागही ऐकू येई. भिंतीपलीकडून संकेत पाठवणाऱ्याला यातले काही दिसत नाही. वाय-फायवर चालणाऱ्या उपकरणांनी तर हे अंतर आणखी वाढवले आहे : गॅलरीत बसून फोनवरून एखादे गाणे टीव्हीवर पाठवले, की बाहेर चाललेला सामना तिथेच थांबतो. बाहेर कोणी पाहत होते हे ठाऊक नव्हते, हा बचाव अपुरा आहे. विचारणे सहज शक्य असताना न विचारणे हाच इथे प्रमाद ठरतो.

प्रत्येक खोलीत निराळा बॉक्स घेतल्याने तंटा मिटतो, आणि वेळा जुळतच नसतील तर तसे करण्यात अधर्म काही नाही; बृहस्पतीनेही व्यवहार्य तोडगाच पसंत केला असता. मात्र एकाच बॉक्सवर चालवायचे ठरले असेल, तर आतल्या खोलीचा डोळा बसवण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून संध्याकाळच्या पाळ्या ठरवाव्यात, आणि त्या ठरवताना घर चालवणाऱ्यांनी आपली पाळी शेवटी ठेवावी.